मजुरी कुणाच्या नावावर?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारताचा एकूण प्रजननदर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, २.० भरला आणि महाराष्ट्राचा १.७. लोकसंख्या जिथल्या तिथे राहायला २.१ लागतो, म्हणजे आपलं राज्य त्या रेषेच्या बरंच खाली उतरलं आहे. विकसनशील देशांबद्दलच्या चर्चेत या आकड्यासोबत एक साखळी नेहमी मांडली जाते. मुली शिकतात, लग्नं उशिरा होतात, बायका कमावू लागतात, त्यांच्या वेळेला किंमत येते, त्यामुळे मुलं कमी होतात आणि मुलं कमी झाली की बाई आणखी मोकळी होते. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६० च्या सुमारास या विचाराला अर्थशास्त्राची बैठक दिली. त्यात तथ्य आहे, पण आपण ती साखळी शेवटाकडून वाचायला लागलो आहोत. प्रजननदर खाली आला, बाई कामाला जाते, त्या अर्थी तिचं बरं चाललं असणार, असं सरकारी अहवालही गृहीत धरतात आणि आपणही.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बाईकडे पाहिलं की हे गृहीतक उभं राहत नाही. तिला सासूपेक्षा कमी मुलं आहेत. वर्षातले पाच-सहा महिने ती दिवसाला बारा-चौदा तास उत्पादक काम करते, आणि ज्या साखर उद्योगासाठी करते तो राज्यातल्या सर्वांत संघटित उद्योगांपैकी एक आहे. तरीही लग्न कधी, मूल कधी, दवाखाना कधी, पैसा कशावर, यातला एकही निर्णय तिच्या हातात आलेला नाही. माझं म्हणणं असं आहे की काम आणि कमी मुलं या दोन्ही गोष्टींनी बाईचं बळ वाढतं ते एका अटीवर: तिचे श्रम वेगळे मोजले गेले पाहिजेत, त्यांचा मोबदला तिच्या हाती आला पाहिजे, आणि पाळी, गरोदरपण, अंगावरचं मूल यांचा खर्च मजुरीच्या दरात धरलेला असला पाहिजे. कोयत्याच्या पद्धतीत यातलं काहीच होत नाही, आणि त्याची भरपाई बाई शरीरातून करते.

ही पद्धत नीट समजून घ्यायला हवी. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. त्याआधीच पावसाळ्यात मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, गावोगाव उचल वाटतो, म्हणजे मजुरीतून फेडायचे आगाऊ पैसे. उचल ठरते कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा पुरुष किंवा नवऱ्याने टाकलेली, विधवा बाई आली तर तो अर्धा कोयता धरतात आणि मुकादम त्याला सहसा नाखूश असतो. करार तोंडी असतो किंवा स्टॅम्पपेपरवर सही-अंगठा असतो, आणि तो पुरुषाचा. टोळी कारखान्याच्या पट्ट्यात गेली की कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, घालून राहते. ऊस कशाने वाहायचा त्यानुसार गाडी सेंटर, टायर सेंटर, डोकी सेंटर असे कामाचे प्रकार आहेत, पण श्रमांची वाटणी सगळीकडे सारखीच. पुरुष बुडख्यातून ऊस तोडतो. बाईही तोडते, शिवाय पाचट सोलते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. मोळी तीस-चाळीस किलोची असते, आणि ओल्या सरीतून किंवा फळीवरून ट्रकवर चढवायची असते. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. त्याआधी पहाटे तीन-चारला उठून पाणी आणलेलं असतं, भाकऱ्या थापलेल्या असतात, आणि परतल्यावर चूल पुन्हा तिचीच.

मजुरी टनावर. जानेवारी २०२४ मध्ये कारखानदार आणि कामगार संघटनांमध्ये ३४ टक्के वाढीचा तोडगा निघाला आणि तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून सुमारे ३६६ वर गेला. या दराने एक हिशेब मांडून पाहू. जोडीने एक लाख रुपये उचल घेतली असं धरा. ती फिटायला २७३ टन ऊस तोडावा लागेल. जोडी दिवसाला दोन टन तोडते असं धरलं तर १३७ दिवस झाले. हंगाम पाच महिन्यांचा, म्हणजे १५० दिवस. उरले तेरा दिवस. अवकाळी पाऊस, कारखान्याची बंद पडलेली मिल, एका गावाहून दुसऱ्या गावी तोडणीचा फड हलवणं, ताप, मयत, सगळं या तेरा दिवसांत बसवायचं. आठवडी बाजारासाठी मुकादमाकडून घेतलेले पैसे उचलीत मिळवले जातात, तेव्हा तेरा दिवसही कागदावरचेच.

आता बाईने पाळीत महिन्याला तीन दिवस विश्रांती घेतली तर काय होतं ते पाहू. पाच महिन्यांत पंधरा दिवस. मोळ्या बांधणारे हात नसतील तर पुरुषाचा कोयताही थांबतो, म्हणून बुडणारी मजुरी जोडीची. तीस टन, १०,९८० रुपये. त्यावर खाडा. कामावर न गेल्याबद्दल मुकादम दिवसाला पाचशे ते हजार रुपये लावतो. पाचशेच धरले तरी ७,५०० झाले. एकूण १८,४८० रुपये. म्हणजे एका बाईच्या पाळीच्या विश्रांतीची किंमत या व्यवस्थेत एका हंगामाला साडेअठरा हजार रुपये आहे. खासगी दवाखान्यात गर्भाशयाची पिशवी काढण्याचा खर्च पंचवीस ते चाळीस हजारांच्या आसपास सांगितला जातो. दोन हंगामांत तो वसूल होतो. शिवाय मुकादम त्यासाठी वाढीव उचल देतो आणि पुढच्या हंगामाचं बंधन आपोआप तयार होतं. हा हिशेब कोणा एका दुष्ट माणसाने बसून मांडलेला नाही. दर, उचल आणि खाडा या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की त्याचं उत्तर हेच येतं, आणि म्हणूनच तो इतक्या घरांत एकसारखा सुटला.

किती घरांत, तेही नोंदलेलं आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांची पाहणी आली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. शंभरात जवळपास सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशाचं हे प्रमाण ३.२ टक्के होतं.

यातल्या बहुतेक जणी दवाखान्यात गेल्या त्या अंगावरून पांढरं जातं, पाळीत फार रक्त जातं, कंबर धरते, अंग बाहेर येतं अशा तक्रारी घेऊन. फडावर संडास नाही, पाणी तुटपुंजं, कापड धुवायला आणि वाळवायला जागा नाही, तेव्हा जंतुसंसर्ग होणारच. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत मोळ्या उचलल्या तर पोटाखालचे स्नायू सैल पडणारच. यातल्या बऱ्याच तक्रारींवर गोळ्यांनी उपचार होतो. संसर्गाला प्रतिजैविकं, रक्तस्रावाला ट्रानेक्झामिक ॲसिड किंवा हार्मोन, रक्तक्षयाला लोह, अंग बाहेर येत असेल तर बसवायची रिंग आणि स्नायूंचे व्यायाम. पण गोळ्यांचा कोर्स, पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी, महिनाभर जड न उचलणं हे सगळं एका जागी राहणाऱ्या आणि रजा मिळणाऱ्या बाईसाठी आखलेलं आहे. फडावरच्या बाईला एका फेरीत सुटणारा उपाय हवा असतो. तिथे सोनोग्राफीतली साधी गाठ किंवा ‘पिशवीला सूज’ दाखवून कॅन्सरची भीती घातली की निर्णय त्याच दुपारी होतो.

त्यानंतरचं कोणी सांगत नाही. या शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवडे जड उचलायचं नसतं. तिशीतल्या बाईच्या पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर पाळी जाण्याची सगळी लक्षणं एकदम सुरू होतात: अंगातून वाफा, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं, पुढे हृदयविकाराचा वाढलेला धोका. अंडाशयं ठेवली तरी ती सरासरी काही वर्षं आधी थकतात. म्हणजे ज्या ताकदीवर कोयता चालतो तीच या उपायाने कमी होते, आणि चाळिशीत ती बाई पाठ धरून त्याच फडात उभी असते.

हे सगळं आरोग्यखात्याच्या नजरेतून सुटलं कसं, याचं उत्तर आपल्या कुटुंबनियोजनाच्या रचनेत आहे. या मुद्द्यावर पुरेसं बोललं गेलेलं नाही, म्हणून जरा थांबतो. पाचव्या फेरीच्या आकड्यांनुसार देशातल्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के स्त्री-नसबंदीवर आहेत, आणि पुरुष-नसबंदी ०.३ टक्के. महाराष्ट्रात जवळपास निम्म्या विवाहित बायकांची नसबंदी झालेली आहे. पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी दहा-पंधरा मिनिटांची असते, फक्त जागेपुरती भूल लागते. तीन महिने निरोध वापरून वीर्यतपासणी केली की झालं. पण १९७६-७७ मध्ये साठ लाखांहून अधिक पुरुषांच्या नसबंदी झाल्या, त्यात जी सक्ती झाली तिच्या धास्तीने नंतरच्या प्रत्येक सरकारने हा बोजा बायकांकडे वळवला. त्यांच्याकडून निवडणुकीत तसा धोका नव्हता.

ऊसतोडीच्या पट्ट्यात हा क्रम असा लागतो. बीडमध्ये २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याचं प्रमाण २१.९. कारण पुन्हा कोयता. मुलीला गावात एकटं ठेवायला घर धजत नाही, आणि लग्न लावून दिलं की नवी जोडी म्हणजे नवी उचल. अठरा-एकोणिसाव्या वर्षी पहिलं मूल, बाविशीपर्यंत दोन-तीन, मग शिबिरात नसबंदी. पाळणा लांबवण्याची साधनं, म्हणजे तांबी, गोळ्या, २०१७ पासून सरकारी दवाखान्यात मिळणारं अंतरा इंजेक्शन, या वयात तिच्यापर्यंत फारशी पोहोचतच नाहीत, कारण ती हंगामात गावात नसते. नसबंदी झाली की आरोग्यसेविकेच्या रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढचं काम संपतं. बावीस वर्षांची बाई, पुढची पंचवीस वर्षं पाळी येणार, आणि व्यवस्थेच्या लेखी तिच्या गर्भाशयाचा विषय बंद. ‘मुलं झाली, आता पिशवीचा काय उपयोग’ हे वाक्य दवाखान्यात ऐकू येतं आणि घरातही. पन्नास वर्षं आपण बाईच्या शरीराचा हा भाग फक्त मुलांच्या संख्येपुरता मोजला. त्या मोजणीतून ते वाक्य सरळ निघतं.

महाराष्ट्रात याहून वेगळी वाट होती. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हा त्यांचा भर बाईच्या स्वतःच्या सुखावर आणि तिच्या शरीरावरच्या तिच्या हक्कावर होता. १९३८ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला, तो श्रमिक घरातल्या आईचं आरोग्य आणि गरिबी डोळ्यांपुढे ठेवून. ठराव फेटाळला गेला. पुढे राज्याने संततिनियमन स्वीकारलं खरं, पण हक्काची बाजू गाळून, उद्दिष्टांचा आकडा तेवढा धरून.

कामाने बाईचं आयुष्य बदलतं याचे पुरावे भक्कम आहेत, आणि ते काळजीपूर्वक वाचले तर कोयत्यात काय चुकतंय तेही दिसतं. दिल्लीभोवतालच्या काही खेड्यांत अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी एक प्रयोग केला. कॉल सेंटरसारख्या नोकऱ्यांसाठी भरती करणारे लोक तीन वर्षं त्या गावांत पाठवले. तरुण मुलींची लग्नं आणि मुलं पुढे ढकलली गेली, त्या जास्त शिकल्या. तिथली नोकरी मुलीच्या नावाने होती, पगार तिला मिळणार होता. बांगलादेशात कपड्यांच्या कारखान्यांजवळच्या गावांत मुलींची लग्नं उशिरा होऊ लागली, कारण महिन्याच्या पगाराची आशा मुलीला शाळेत ठेवायला पुरेशी होती. त्या कारखान्यांचं गुणगान करण्याचं कारण नाही. २०१३ मध्ये राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक माणसं मेली, त्यांत बायकाच जास्त. शिवाय बांगलादेशचा प्रजननदर सहाच्या वरून उतरू लागला तो कारखान्यांच्या आधी, घरोघर जाऊन साधनं देणाऱ्या बायकांमुळे. १९७७ पासून मतलब उपजिल्ह्यात चाललेल्या प्रयोगाने ते सिद्ध केलं होतं. म्हणजे प्रजननदर आणि बाईची कमाई या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाटांनीही चालतात. एक खाली आला म्हणून दुसरी वर गेली असेल, असं नाही.

मध्य प्रदेशातला अनुभव आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळचा आहे. तिथे रोजगार हमीची मजुरी घरातल्या पुरुषाच्या खात्याऐवजी बाईच्या स्वतःच्या खात्यात टाकली आणि खातं कसं वापरायचं याचं थोडं प्रशिक्षण दिलं. काम तेच, दर तोच, पण बायकांचं कामावर येणं वाढलं, आणि ज्या घरांत बाईच्या कामाला सर्वांत जास्त विरोध होता तिथे फरक अधिक दिसला. नुसतं खातं उघडून एवढा परिणाम झाला नव्हता.

देशाच्या पातळीवरही हाच प्रश्न विचारायला हवा. कामगारांच्या नियतकालिक पाहणीनुसार पंधरा वर्षांवरच्या बायकांचा श्रमशक्तीतला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. ही वाढ आनंदाची म्हणून सांगितली जाते. पण त्याच पाहणीत २०२३-२४ मध्ये काम करणाऱ्या बायकांपैकी ६७.४ टक्के स्वयंरोजगारात मोडतात, आणि ३६.७ टक्के तर घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी मदतनीस आहेत. म्हणजे दर तिघींत एकीहून अधिक ‘काम करते’ आणि तिला मजुरी नाही. हे काम मोजलं जाऊ लागलं ते योग्यच, पण ते तिच्या ताकदीची खूण म्हणून मिरवू नये. घरकामाचं ओझं तर तसंच आहे: २०१९ च्या कालवापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या आणि असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं, मुळात ते करणारे पुरुष होतेच शंभरात २६.

उपायांकडे येऊ. २०१९ नंतर काही पावलं पडली. बीडमध्ये खासगी दवाखान्याला गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी लागू लागली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला राज्यांना सांगितलं. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड कामगारांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याणकारी महामंडळ झालं, त्यासाठी कारखान्यांनी टनाला दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने. मुलांसाठी वसतिगृहांची योजना आली. हे सगळं हवंच. पण परवानगीचा अडसर ही शेवटच्या पायरीवरची अडवणूक आहे. साडेअठरा हजारांचा हिशेब जागेवर असेल तर एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायला एसटी आहे, आणि जी जाणार नाही ती दुखणं अंगावर काढेल.

हिशेब बदलायचा तर पहिलं काम म्हणजे खाडा बंद करणं. न तोडलेल्या उसाची मजुरी मिळत नाही हीच शिक्षा पुरेशी आहे. वर दंड हा वेठबिगारीच्या जवळ जातो आणि १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या कसोटीवर तो तपासला गेला पाहिजे. दुसरं, बाईला हंगामात महिन्याला निदान दोन भरपगारी सुट्ट्या. खर्च काढू. दोन टनांच्या दिवसाच्या ७३२ रुपयांतला तिचा निम्मा वाटा ३६६. पाच महिन्यांत दहा सुट्ट्या, ३,६६० रुपये. जोडी हंगामात साधारण २७४ टन तोडते, तर टनामागे तेरा रुपये पडतात. त्या दिवशी पुरुषाचा कोयता अडू नये म्हणून टोळीतल्या मोळ्या बांधण्याची पाळी आपसात फिरवता येते; बारा जोड्यांच्या टोळीत ते अवघड नाही, मात्र मुकादमाने गाडी त्या हिशेबाने लावली पाहिजे. फक्त ‘पाळीची रजा द्या’ एवढंच म्हणून थांबणं धोक्याचं आहे. टनावरच्या कामात बिनपगारी रजेचा अर्थ फक्त तोटा, आणि तोटा नको म्हणून तर पिशव्या निघाल्या.

तिसरं, पाळणाघर. अंगणवाडी चारेक तास चालते आणि गावात असते. फड पहाटे सुरू होतो आणि दर काही दिवसांनी हलतो. तान्हं मूल बांधावर झोळीत, दीड-दोन वर्षांचं थोरल्या बहिणीच्या कडेवर, आणि त्या बहिणीची शाळा सुटलेली, तिचं लग्न जवळ आलेलं. पाळणाघर टोळीबरोबर हललं पाहिजे. ताडपत्रीचा मांडव, पिण्याच्या पाण्याचं झाकलेलं पिंप, खिचडीचं सामान, क्षारसंजीवनीची पाकिटं, आणि टोळीतलीच एक बाई, जिची पूर्ण मजुरी या कामासाठी धरलेली आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात ही तरतूद होती: कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील तर एका बाईला त्यांना सांभाळायला नेमायचं. तीच इथे आणायची. दिवसाला ३६६ प्रमाणे १३७ दिवसांचे ५०,१४२ रुपये, बारा जोड्यांच्या ३,२८८ टनांवर वाटले तर टनाला पंधरा रुपये. सुट्ट्यांचे तेरा मिळवून अठ्ठावीस. २०२५-२६ चा उसाचा एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, टनाला ३,५५० रुपये आहे. त्याच्या एक टक्क्याहून कमी. यावर कारखाना बुडतो असं कोणी म्हणत असेल तर त्याने ताळेबंद मांडून दाखवावा.

चौथं आणि माझ्या मते सर्वांत मोलाचं, करारावर दोघांची नावं आणि दोन खाती. कारखाना पंधरवड्याचं बिल काढतो, त्यात जोडीच्या टनांचे दोन समान भाग करून अर्धे पैसे थेट बाईच्या खात्यात जावेत. खातं नाही ही सबब २०२४ पासून संपली आहे; लाडकी बहीण योजनेचे दीड हजार ज्या खात्यात येतात ते तिच्याच नावाचं आणि आधारशी जोडलेलं आहे. अडचण पुढे आहे. उचल नवऱ्याने घेतलेली असेल तर मुकादम दोन्ही भागांतून कापणार आणि खातं रिकामंच राहणार. म्हणून उचलीवरही दोघांच्या सह्या हव्यात आणि बाईच्या भागातून कापायची रक्कम तिने घेतलेल्या उचलीपुरती असावी. एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात आणि बँकेचा निरोप त्याच्या मोबाइलवर, हे होणारच. मध्य प्रदेशात त्यावर प्रशिक्षण उपयोगी पडलं. इथे बचतगटाची ताई आणि बँकमित्र हंगामाआधी गावात हे करू शकतात. अर्धा कोयता हा प्रकार यात आपोआप निकाली निघतो, कारण मोजणी माणशी होते. विधवा आणि एकट्या बाईला दुसऱ्या कोणाची जोड दाखवावी लागत नाही, आणि उचलीसाठी पंधरा वर्षांच्या मुलीचं लग्न लावण्याचं एक कारण कमी होतं.

याला दोन आक्षेप येतात. पहिला, बायका स्वतःच मागणी करून पिशवी काढून घेतात. घेतात, हे खरं. पण ज्या संमतीच्या दुसऱ्या बाजूला दंड, कर्ज आणि उपचारांचा अभाव आहे ती संमती डॉक्टरला मोकळं करत नाही. दुसरा, ऊसतोडणी यंत्रं येताहेत, सरकार त्यांना अनुदान देतं, पाच-दहा वर्षांत प्रश्नच राहणार नाही. यंत्रं येतील. ती आली की काम जाईल ते आधी बाईचं, आणि तिच्या नावावर एक दिवसाचाही कामाचा दाखला नसेल तर पुनर्वसनाच्या यादीत ती असणार नाही. सगळी नोंद कोयत्याची, म्हणजे नवऱ्याची. म्हणून नावाचा प्रश्न यंत्रं येण्याआधी सुटायला हवा.

या सगळ्याची जबाबदारी कोणाची, यावर गेली अनेक वर्षं चेंडू फिरतो आहे. कारखाना म्हणतो आमचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम स्वतःच कर्जात असल्याचं सांगतो. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याचा उपयोग झाला नाही, कारण बीडहून सांगली-कोल्हापूरला जाणारा कामगार राज्याची हद्द ओलांडतच नाही. बाळंतपणाच्या सव्वीस आठवड्यांच्या भरपगारी रजेची २०१७ ची कायदादुरुस्ती आस्थापनेतल्या नोकरदार बाईपर्यंत थांबली. ऊसतोड कामगार बाईला पहिल्या बाळंतपणाचे मातृवंदना योजनेतले पाच हजार मिळतात, तेही हप्त्यांच्या वेळी ती गावात सापडली तर. ऊस वजनकाट्यावर कारखान्याच्या नावाने उतरतो, गाळप परवाना कारखान्याचा आहे, तेव्हा मुख्य मालक कारखानाच धरला पाहिजे. गाळप परवाना देताना साखर आयुक्तालयाने शेतकऱ्यांची एफआरपी थकबाकी जशी तपासायची असते, तशी या चार गोष्टींची पूर्तता तपासावी: टोळीनिहाय कामगारांची यादी, त्यात बायकांची स्वतंत्र नावं आणि खाती, पाळणाघर नेमणुकीचा कागद, सुट्ट्यांचं रजिस्टर, आणि खाडा कापला नसल्याचा पंधरवड्याच्या बिलांवरचा पुरावा.

तोडणीच्या दराचा करार दर काही वर्षांनी नव्याने होतो. आजवरच्या वाटाघाटी टनाचा दर आणि मुकादमाचं कमिशन या दोन आकड्यांभोवती फिरत आल्या. पुढच्या बैठकीत संघटनांच्या मागणीपत्रात वरच्या चारही बाबी दरवाढीच्या बरोबरीने लिहिलेल्या असाव्यात, आणि ते मागणीपत्र घेऊन बसणाऱ्यांत फडावर मोळ्या बांधणाऱ्या बायका निम्म्या असाव्यात. उचलीचं वाटप पावसाळ्यात सुरू होतं, तेव्हा दोन सह्यांचा छापील करारनामा त्याआधी ग्रामपंचायतीत पोहोचायला हवा.